कासवमामांचं चलन

निवृत्तीनंतर मी लातूरला राहतो. सकाळी फिरायला जातो तेव्हा कट्ट्यावरची मंडळी हमखास विचारतात, "साहेब, इतकी वर्षं खात्यात काढलीत, एखादी जबरी केस सांगा की." त्यांना खून हवा असतो, खून नसेल तर निदान दरोडा. तसल्या केसेस मीही पाहिल्या, पण त्यांचे पंचनामे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. अजून लख्ख आठवते ती एका शाळेच्या बसची केस. तिच्यात कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. बसला वेगाचं चलन लागलं होतं आणि ड्रायव्हर म्हणत होता, मला मान्य नाही. एवढंच प्रकरण. पण सगळ्या नोकरीत मला कुणी सरळ केलं असेल, तर त्या ड्रायव्हरने.

नावं कुणाचीच लिहीत नाही, चौकीचंही नाही. नांदेड जिल्ह्यात महामार्गावर एक चौकी होती आणि मी तिचा प्रभारी होतो, इतकं पुरे. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. त्या वयात पोलीस अधिकाऱ्याला दोनच गोष्टी हव्या असतात. दुपारचं जेवण वेळेवर आणि सेवापुस्तक स्वच्छ.

चौकीला एक गाडी होती आणि गाडीत वेग मोजणारं यंत्र. त्याला कागदोपत्री मोठं इंग्रजी नाव होतं, आम्ही सगळे दुर्बीण म्हणायचो. सकाळी हजेरी झाली की ड्युटी वाटायची, डायरीला नोंद करायची आणि दुर्बीण घेऊन एखाद्या ठिकाणी उभं राहायचं. समोरून येणाऱ्या गाडीचा वेग ती मोजते, फोटो काढते, आणि वेग जास्त असेल तर चलन आपोआप तयार होऊन मालकाच्या मोबाईलवर जातं. आमचा एक हवालदार तिच्यावर नेमलेला होता. पंचवीस वर्षं नोकरी झालेला, देवभोळा, कामाला वाघ. आपल्या मोटारसायकलपेक्षा दुर्बिणीला जास्त पुसायचा.

चलन घेऊन भांडायला येणाऱ्यांची मला सवय होती. त्यांच्या तऱ्हा ठरलेल्या. एक जण आल्या आल्या ओळख काढतो. दुसरा काही न बोलता मोबाईल पुढे करतो, "जरा दादांशी बोला." तिसरा म्हणतो, "साहेब, पेशंट होता गाडीत." पेशंट कुठल्या दवाखान्यात नेला, विचारलं की त्याला दवाखान्याचं नाव आठवत नाही. खोटं बोलणारा माणूस पहिल्या पाच मिनिटांत तीन कारणं देतो. खरं बोलणाऱ्याकडे एकच कारण असतं, आणि ते तो पुन्हा पुन्हा सांगून तुमचं डोकं उठवतो.

त्या मंगळवारी हवालदार हसतच माझ्या खोलीत आला.

"साहेब, कासवमामा आलाय. चलन मान्य न्हाई म्हणतोय."

"कोण कासवमामा?"

"तो पिवळ्या बसचा ड्रायव्हर साहेब. लेकरं त्याला कासवमामा म्हणतेत. सगळ्या रोडला माहीत हाय. त्याच्या बसमागं घावलं की माणसाला झोप लागती."

"आणि वेग किती लागलाय?"

"चौऱ्याण्णव." हवालदाराला हसू आवरेना. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या पारी. मलाबी नवल वाटलं. पण आपणच म्हणता न्हवं, दुर्बीण खोटं बोलत न्हाई."

हे वाक्य माझंच होतं. भांडायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ते ऐकवत असे, आणि ऐकवताना मला बरं वाटत असे.

आत आले ते दोघं. मामा पंचावन्नच्या आसपासचे, नायगावकडचे. खाकी शर्टाला इस्त्री, हातात जेवणाचा डबा, कारण सकाळची फेरी संपवून थेट आले होते. बरोबर शाळेच्या गणिताच्या बाई होत्या. बसची व्यवस्था त्यांच्याकडे होती. चष्मा, कडक सुती साडी आणि काखेत फाईल. बाईंना पाहिल्यावर मी नकळत खुर्चीत सरळ होऊन बसलो. माझे लहानपणचे गणिताचे मास्तर असेच बघायचे.

मामांना म्हणालो, "भरून मोकळा हो की. एवढ्यासाठी कशाला हेलपाटे?"

"भरले म्हंजी कबूल केल्यासारखं होतंय साहेब," मामा म्हणाले. "म्या न्हाई चालवली एवढी. माझ्या बसला चौऱ्याण्णव म्हंजी म्हशीला पंख फुटल्यासारखं हाय."

मग बाईंनी खरी अडचण सांगितली. शाळेचा नियम होता, अतिवेगाचं चलन लागलं की ड्रायव्हर बसवरून खाली. हा नियम पालकांनी आग्रहाने करून घेतलेला, आणि तो चांगलाच होता. मामांनी बारा वर्षं त्या शाळेची बस चालवली होती. शनिवारी शाळा समितीची बैठक होती, आणि त्या बैठकीत मामांना काढायचं ठरल्यात जमा होतं. ऑनलाईन तक्रार करून पाहिली, तर दोनच दिवसांत उत्तर आलं की फोटो स्पष्ट आहे, तक्रार नामंजूर.

फोटो खरंच स्पष्ट होता. पिवळी बस, समोर दसऱ्याचा झेंडूचा हार, काचेमागे मामांचा चेहराही ओळखू यावा इतका नीट. फोटोच्या डाव्या कडेला काहीतरी पांढरं पुसट आलं होतं. रस्ता म्हटल्यावर गाड्या असणारच, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

बाईंनी फाईल उघडली. शाळेच्या बसमध्ये एक छोटा डबा बसवलेला असतो. तो दर दहा सेकंदांनी बस कुठे आहे आणि किती वेगात आहे, हे कळवत राहतो. पालक मोबाईलवर बघतात. बाईंनी त्या सकाळच्या नोंदी छापून आणल्या होत्या. चलनावरची वेळ आठ वाजून बारा मिनिटं. डब्याच्या नोंदी त्या मिनिटात एक्केचाळीस, त्रेचाळीस, एक्केचाळीस, चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस.

मी म्हणालो, "बाई, तुमचाच डबा आणि तुमचाच कागद. हा कसला पुरावा?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुमचंही यंत्र तुमचंच आणि कागदही तुमचाच."

दारात उभा असलेला हवालदार खोकला.

"शिवाय हे बघा," त्यांनी कागदावर पेन्सिलीने रेघ मारली. "चौऱ्याण्णवच्या वेगाने दहा सेकंदांत गाडी दोनशे साठ मीटर जाते. आमची बस त्या दहा सेकंदांत एकशे चौदा मीटर गेली. चौऱ्याण्णवने ती तुमच्या गाडीजवळच्या पुलावर पोचायला हवी होती, पण पुढच्या नोंदीत ती पुलाच्या अलीकडेच आहे. मामा काय पुलावर जाऊन उलटे परत आले?"

हिशोब बरोबर होता, पण हिशोब बरोबर असलेले खोटे कागद मी पुष्कळ पाहिले होते. मग बाईंनी फाईलखालून एक वही काढली. पालकांच्या तक्रारींची वही. पानं उलटून त्यांनी माझ्यापुढे सरकवली. "बस फार हळू येते." "मुलीला रोज प्रार्थनेला उशीर होतो, मामांना जरा दाबायला सांगा." "कालच्या दिवशी सायकलवाला बसच्या पुढे गेला, हे आम्ही स्वतः पाहिले." बारा वर्षांत मामांविरुद्ध दुसरी तक्रारच नव्हती.

"हे त्यांचं चारित्र्याचं प्रमाणपत्र," बाई म्हणाल्या.

मला हसू आलं, पण पोलिसाने तपासात हसू नये असा माझा नियम होता. बाईंना मी बाहेर बसायला सांगितलं आणि मामांना एकटं घेतलं. जबाब घेण्याची माझी पद्धत साधी होती. तोच प्रश्न तीन वेळा, तीन बाजूंनी विचारायचा. शिकवलेलं उत्तर तिन्ही वेळा सारखं येतं. खरं उत्तर दर वेळी थोडं वेगळं येतं, कारण माणूस आठवून सांगत असतो.

"बसला वेग बांधायचं यंत्र आहे ना, ठरल्या आकड्यापुढे गाडी जाऊ न देणारं? वायर काढून ठेवलीस की नाही, खरं सांग. तपासणीच्या दिवशी जोडायची आणि एरवी सोडायची, हे धंदे मला माहीत आहेत."

"न्हाई साहेब. बघा की खाली जाऊन. सील हाय."

"आयुष्यात कधी नव्वदच्या वर गाडी नेलीच नाहीस?"

मला वाटलं, आता कानाला हात लावेल. मामा जेवणाच्या डब्याच्या कडीशी खेळत बसले.

"नेली की. लई नेली. ट्रकावर होतो तवा. अर्धापूरची केळी भरून दिल्लीला न्यायचो. शंभराच्या वरबी नेली."

"मग आता काय झालं?"

"केळ्याला घाई असती साहेब. वाटंत पिकलं तर माल नासतोय. लेकरायला कशाची घाई? शाळंलाच तर जायचंय."

हे उत्तर कुणी शिकवलेलं असणं शक्य नव्हतं. आपल्या विरुद्ध जाईल असं जे स्वतःहून सांगतो, त्याचं बाकीचंही ऐकून घ्यावं, हे मी खात्यात फार उशिरा शिकलो. तरी मी लगेच विरघळलो नाही. जाता जाता मामा दाराशी थांबले.

"साहेब, मला नाहक बदनाम करून राहिले लोक. हाटेलात गेलं की म्हणतेत, आलं विमान. त्याचं कायी न्हाई. पण बस सुटली तर म्या काय करू? मला दुसरं कायी येत न्हाई, आन् मला दुसरं कायी करायचंबी न्हाई."

ते गेल्यावर मी बसमधल्या डब्याच्या कंपनीला पत्र पाठवलं. त्या दिवसाच्या नोंदी शाळेकडून नकोत, थेट तुमच्याकडून, सहीच्या प्रमाणपत्रासह पाठवा. बुधवारी संध्याकाळी त्या आल्या. एकही आकडा इकडचा तिकडे नव्हता. आता माझ्यासमोर दोन यंत्रं उभी होती. एक म्हणत होतं चौऱ्याण्णव, दुसरं म्हणत होतं एक्केचाळीस. माणसं खोटं बोलत असली तर समोरासमोर बसवता येतात. यंत्रांना समोरासमोर कसं बसवायचं, हे कुठल्याच नियमावलीत लिहिलेलं नव्हतं.

मग ठरवलं, आपणच जाऊन बसायचं. गुरुवारच्या ड्युटीत दुर्बीण त्याच जागेवर उभी करायला सांगितली. कारण सांगितलं नाही. आणि साध्या कपड्यांत, सकाळी सातला, मी मामांच्या पहिल्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. बाई आधीच बसमध्ये होत्या.

सुटण्यापूर्वी मी बसखाली वाकून बघितलं. वेग बांधायच्या यंत्राचं सील जागेवर होतं. मग मामांच्या मागच्या सीटवर बसलो. एका हातात मोबाईल, त्यावर वेग दिसत होता, आणि नजर मामांच्या काट्यावर.

त्या प्रवासाबद्दल काय सांगू? मी पोलीस व्हॅनमधून धावलो आहे, बंदोबस्तात रात्रभर जीपमध्ये बसलो आहे, पण इतका लांब प्रवास मला आठवत नाही. प्रत्येक थांब्यावर मामा उतरणार, लहानग्याचं दप्तर वर घेणार, त्याच्या आईला दोन शब्द सांगणार, मग आरशात मागे बघणार, सगळे बसले का ते विचारणार, आणि मगच गिअर टाकणार. एका आजोबांनी नातवाला चढवता चढवता मामांना सीताफळं दिली. मोपेडवरच्या दोन बायका आम्हाला मागे टाकून गेल्या. केळीचे ट्रक भोंगे वाजवत गेले. मला आतून घाई होत होती आणि मामा मात्र आपल्याच तालात.

एक मुलगा बाईंना म्हणाला, "बाई, आज मामा अजूनच हळू चालवून राहिले."

"पोलीसकाका बसलेत ना," दुसरा म्हणाला. माझे साधे कपडे कुणालाच फसवू शकले नव्हते.

उताराला काटा अठ्ठेचाळीसवर गेला तेव्हा मागून टाळ्या पडल्या. मामांनी लगेच ब्रेक दाबला.

पुलाच्या अलीकडे लांबून आमची गाडी दिसली. मी मोबाईलकडे पाहिलं. एक्केचाळीस. मामांचा काटा बेचाळीस. तेवढ्यात आमच्या उजव्या बाजूने एक पांढरी मोटार सुर्रकन पुढे गेली. हवालदार दुर्बिणीजवळ उभा होता, त्याने मला पाहिलं नाही.

मुलांना शाळेत सोडून मी चौकीवर आलो, गणवेश चढवला आणि खुर्चीत बसलो. थोड्या वेळाने हवालदार विजयी मुद्रेने आला.

"साहेब, कासवमामा आज पुन्यांदा घावला! त्र्याऐंशी! आता बोल म्हणावं त्या बाईला."

"किती वाजता?"

"आठ तेरा."

"त्या बसमध्ये मी होतो," मी म्हणालो.

हवालदाराने हळूच टोपी काढून टेबलावर ठेवली.

आम्ही दुर्बीण खोलीत आणली. या यंत्राला दोन डोळे असतात. एक डोळा किरण सोडून वेग मोजतो, दुसरा फोटो काढतो. दोन्ही एकाच गाडीकडे बघत असले तरच चलन खरं. म्हणून रोज सकाळी रस्त्याकडेच्या एका खांबावर यंत्र रोखून दोन्ही डोळे जुळतात की नाही हे तपासायचं आणि रजिस्टरला "ठीक" लिहून सही करायची. मी रजिस्टर मागवलं. रोजची सही होती, "ठीक" होतं.

"खरं सांग. खांबावर बघितलं होतंस?"

त्याने मान खाली घातली. "दोन वर्सांत एक दिवसबी चुकलं न्हाई साहेब. म्हणून मग… नुसती सही."

फोटो काढणारा कॅमेरा यंत्राच्या डोक्यावर एका खाचेत बसतो. हवालदाराने स्क्रू सैल करून तो उचलला. खाचेच्या एका कडेला, चिकटून बसलेली, एक अक्षता होती. कुंकवाने लाल झालेला एक तांदूळ.

आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. पहिल्यांदा आठवलं ते मला.

खंडेनवमीला दरवर्षी चौकीत शस्त्रपूजन होतं. पाट मांडून बंदुका, लाठ्या, बेड्या ठेवतात, हार घालतात, गंध लावतात. पूजेचा मान प्रभारी अधिकाऱ्याचा. त्या वर्षी पूजा आटोपत आली तेव्हा मीच मोठेपणाने म्हणालो होतो, "अरे, आपलं खरं शस्त्र तर ते गाडीत पडलंय. त्याला कसं विसरलात?" हवालदाराने धावत जाऊन दुर्बीण आणली. कॅमेरा वेगळा काढला, दोन्ही भाग पाटावर मांडले. मी दोन्हींना गंध लावलं, हात जोडले आणि मूठभर अक्षता टाकल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर प्रसादाचे पेढे खाताना कुणीतरी कॅमेरा परत खाचेत बसवला, आणि माझी एक अक्षता त्याच्याखाली राहून गेली.

म्हणजे नऊ दिवस आमच्या दुर्बिणीचा एक डोळा एका गाडीकडे बघत होता आणि दुसरा शेजारच्या. बाईंना फोन केला तर त्यांनी लगेच तोंडी हिशोब केला. "इतक्याशा तिरकेपणाने जवळ काही कळत नाही साहेब, पण दीडशे मीटरवर तीन मीटरचा फरक पडतो. म्हणजे बरोबर बाजूची लेन." वेग ओलांडून जाणाऱ्या गाडीचा मोजला जात होता आणि फोटो निघत होता ओलांडल्या जाणाऱ्या गाडीचा. त्यात सगळ्यात वाईट भाग हा, की ज्याला सगळे ओलांडून जातात तो माणूस हळू चालणारा असतो. नऊ दिवस आम्ही पळणाऱ्यांना सोडून हळू चालणाऱ्यांना चलन लावत होतो. त्यांतलं दुसरं कुणी भांडायला आलं नाही. पोलिसांशी कोण वाद घालणार, म्हणून लोकांनी गुपचूप भरून टाकलं. एकट्या मामांनी भरलं नाही.

हवालदार म्हणाला, "साहेब, मामाची दोन चलनं तेवढी रद्द करू. अक्षता फेकून देतो. कुणाला कळणार हाय? आपले आठ म्हयने राहिलेत."

खोटं कशाला बोलू, तो विचार त्याच्या आधी माझ्या मनात येऊन गेला होता. वरच्या कार्यालयाला काय कळवायचं? की आम्ही यंत्राची पूजा केली म्हणून ते बिघडलं? माझी सगळ्या जिल्ह्यात थट्टा झाली असती. पण डोळ्यांपुढे सकाळचे मामा आले. अठ्ठेचाळीसवर काटा गेला म्हणून स्वतःच ब्रेक दाबणारे. त्यांना बघणारं कुणी नव्हतं, असं नाही. पण कुणी नसतं तरी त्यांनी तो दाबलाच असता, याबद्दल मला शंका नव्हती.

मी अहवाल लिहायला घेतला. अक्षता एका छोट्या पाकिटात घालून, पंचांसमक्ष सीलबंद करून सोबत जोडली. मुद्देमाल म्हणून तांदळाचा एक दाणा जमा करणारा मी बहुधा पहिलाच. खंडेनवमीपासूनची सगळी चलनं रद्द करावीत अशी शिफारस केली. "पूजा माझ्या सूचनेवरून झाली, त्यानंतर यंत्र तपासून घेण्याची जबाबदारी माझी होती," असं स्पष्ट लिहिलं. हवालदाराच्या सहीबद्दलही लिहिलं, ते टाळता आलं नाही. वाचून दाखवलं तेव्हा त्याचे डोळे भरले, पण "बरोबर हाय साहेब" एवढंच म्हणाला. मला त्या क्षणी त्याचा फार अभिमान वाटला.

पुढे दोघांकडूनही खुलासा मागवला गेला. दोघांनाही लेखी समज मिळाली. चलनं रद्द झाली. जिल्ह्यात माझी थट्टाही झाली, अजून कुठल्या लग्नात जुने सहकारी भेटले की म्हणतात, "साहेब, अक्षता जपून टाका."

पण ते सगळं नंतरचं. शनिवारी मी अहवालाची प्रत घेऊन गणवेशात शाळा समितीच्या बैठकीला गेलो आणि उभं राहून सांगितलं की चूक ड्रायव्हरची नव्हती, आमची होती. समितीच्या अध्यक्षांनी मामांची बस मामांकडेच ठेवली, माझे आभारही मानले. बैठक संपल्यावर मला वाटलं, मामा खूश असतील. ते आवारात चिंचेखाली उभे होते, चेहरा तसाच.

"आता काय राहिलं मामा?" तोवर मीही त्यांना मामा म्हणायला लागलो होतो, आणि एकेरीवरून कधी अहोजाहोवर आलो ते कळलंच नव्हतं.

"कमिटीला सांगितलं, लई उपकार झाले साहेब. पण कमिटी कुठं माझ्या बसमंदी बसती? दुसरीची एक पोरगी हाय. तिनं मला इचारलं, मामा, तुमी खोटं बोलता का? पोलीस तर खोटं बोलत न्हाईत, असं पुस्तकात हाय म्हणती. म्या काय सांगावं तिला?"

सोमवारी सकाळी मी पुन्हा बसमध्ये चढलो, या वेळी गणवेशात. सगळे थांबे होऊन बस भरेपर्यंत वाट बघितली. मग शाळेच्या फाटकाशी मामांनी बस उभी केली आणि मी दोन सीटांच्या मधल्या वाटेत उभा राहिलो. मोर्चापुढे बोललो होतो, मंत्र्यांपुढे बोललो होतो. इथे मात्र मी आधी टोपी काढून हातात घेतली.

म्हणालो, "बाळांनो, मामांनी गाडी जोरात चालवली नव्हती. मामा खरं बोलत होते. चूक पोलिसांची झाली. म्हणजे माझी झाली."

तेव्हा जाणवलं. तीस वर्षांत "चूक झाली साहेब" हे वाक्य मी वरच्या अधिकाऱ्यांपुढे शेकडो वेळा म्हटलं होतं, पुष्कळदा चूक नसतानाही. आपल्याहून लहान असलेल्या कुणापुढे ते म्हटल्याचं मला एकदाही आठवेना. माझ्या स्वतःच्या मुलांपुढेसुद्धा नाही. ज्यांच्यापुढे आपली चूक कबूल करायला हवी असते ती माणसं बहुतेक वेळा आपल्याहून लहानच असतात, हे कळायला मला निवृत्तीच्या दारापर्यंत यावं लागलं.

 मग तिसऱ्या सीटवरची, दोन वेण्या घातलेली, दुसरीतली ती मुलगी उठून उभी राहिली. तिने आधी मामांकडे पाहिलं. मामा आरशातून बघत होते. मग ती माझ्याकडे वळली, आणि तिच्या वर्गात तिला जसं सांगत असतील अगदी तसं, हाताची घडी घालून म्हणाली, "बरं. पुन्हा करू नका."

"नाही करणार," मी म्हणालो.

त्यानंतरचे आठ महिने रोज सकाळी हजेरीनंतर मी स्वतः रस्त्यावर जाऊन, दुर्बीण खांबावर रोखून बघितली, आणि मगच रजिस्टरला सही केली.